पंपाच्या खोलीतले भालेराव

भालेराव पाइपाला कान लावायचे. अगदी थेट नाही. त्यांच्याकडे हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक पाइपावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला दाबायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करून आजूबाजूच्यांना गप्प करायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. साल अडुसष्ट. चिंचवडला आमच्या सोसायटीची इमारत उभी राहत होती आणि मी माझा तळमजल्यावरचा ब्लॉक बघायला गेलो होतो. मोरीत एक काळासावळा, सडपातळ माणूस भिंतीशी उकिडवा बसून झोपल्यासारखा दिसला. मी विचारलं, "काय चाललंय?" डोळे न उघडता ते म्हणाले, "थांबा. पानी येतंय." मिनिटभराने नळ खोकला, दोनदा हवा सुटली आणि गढूळ धार सुरू झाली. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "आलं," म्हणाले. "जरा रुसलं व्हतं."

मी बासष्ट साली पिंपरीच्या एका कारखान्यात टूल-रूममध्ये लागलो. भालेराव त्याच कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात पाइप-फिटर. हवेच्या, तेलाच्या, पाण्याच्या लायनी, सगळं त्यांच्याकडे. मूळचे खेड तालुक्यातले, चाकणजवळच्या कुरुळीचे. आमच्या सोळा जणांनी मिळून सोसायटी काढली तेव्हा पाइपाचं सगळं काम त्यांनी शिफ्ट सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, सहा महिने खपून केलं. आटे स्वतः पाडले, प्रत्येक जोडावर सूत गुंडाळून सफेदा भरला. त्याबदल्यात सोसायटीने त्यांना पंपाशेजारची दहा बाय दहाची खोली राहायला दिली. रोज दोनदा पंप लावून गच्चीवरची टाकी भरायची आणि कुणाचा नळ गळला तर बघायचं, एवढं त्यांच्याकडे.

सगळे त्यांना 'किसन' म्हणत. मीसुद्धा. ते माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे होते, पण एकेरी हाक मारताना कुणाची जीभ अडखळली नाही. ते मात्र कालच लग्न होऊन आलेल्या मुलीलाही 'वैनी' आणि 'तुमी' म्हणत. काम करायला घरात आले की चहा द्यायचा, तो वेगळ्या कपात. आमच्याकडे मोरीच्या खिडकीत एक दांडा तुटलेला कप ठेवलेला असे, तो त्यांचा. आम्ही स्वतःला सुधारलेले समजत होतो. तो कप तिथे कुणी ठेवला, हे मी कधी विचारलं नाही आणि तो उचलून आतही नेला नाही. आता या वयात त्यांना 'भालेराव' म्हणतोय, त्याला फारसा अर्थ नाही. तरी म्हणतो.

त्यांच्या पत्नी ताराबाई चौऱ्याहत्तर साली दम्याने गेल्या, त्याच खोलीत. मुलगी लग्न होऊन सोलापूरकडे, वर्षातून एकदा यायची. त्यानंतर भालेराव एकटे. एक पातेलं, एक तवा. पहिली पाळी सुटली की सायकलवरून यायचे, पंप लावायचे आणि दारातल्या दगडावर बसायचे. त्या दिवसांत कितीदा तरी पाहिलं की मोठ्या पाइपावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ते स्वस्थ बसलेले आहेत. बिघाड काहीच नाही. एकदा मी विचारलं, "किसन, काही नादुरुस्त आहे का?"

"न्हाई साहेब. घर ऐकतोय."

"म्हणजे?"

"आता बगा, दोन नंबरात भांडी चालल्यात. वर सावंतसाहेब अंगुळीला बसलं. त्यांची धार मोठी असती, गाणं म्हणत असतील. आन् मोऱ्यांच्या वैनी तांदूळ धुत्यात, जरा सोडत्यात, जरा थांबवत्यात."

मी हसलो. वर जाऊन दोघा-चौघांना सांगितलं, तेही हसले. आज माझी बायको सुधा नाही, मुलगा बंगळुरूला असतो आणि मी या ब्लॉकमध्ये एकटा असतो. संध्याकाळी वरच्या घरात कुणी नळ सोडला की भिंतीतून सरसर ऐकू येते. मी वाचत असलो तर पुस्तक खाली ठेवतो. तेव्हा हसायला नको होतं.

त्या ऐकण्याने एकदा एक जीव वाचला. तिसऱ्या मजल्यावर निमकरआजी राहत. मुलगा-सून दोघेही सकाळीच कामावर. आजी रोज नऊच्या सुमारास देवाची तांब्याची भांडी घासायच्या. एका सोमवारी भालेरावांना साप्ताहिक सुट्टी होती. साडेनऊला ते माझ्या दारात उभे. मी दुसऱ्या पाळीचा, घरीच होतो.

"साहेब, आजींचा नळ वाजला न्हाई."

"गावाला गेल्या असतील."

"सकाळी येकदा वाजला. मंग आर्धवट सोडून दिलाय. बारीक धार चालूच हाय. आजी आसं पानी सोडायच्या न्हाईत."

आम्ही दोघं वर गेलो. हाक मारली, कडी वाजवली. शेवटी भालेरावांनी खांद्याने रेटून आतली कडी तोडली. आजी मोरीत पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, आवाजही फुटत नव्हता. भालेरावांनी आधी नळ बंद केला आणि मग मला म्हणाले, "तुमी उचला साहेब. मी दार काढतो, दारावर निजवून खाली नेऊ." आजी पुढे सात वर्षं जगल्या. मुलाने पेढे वाटले. भालेरावांना त्याने दारात उभं करून पुडी दिली आणि दार तुझ्याच हाताने बसवून दे म्हणाला. त्यांनी ते बसवून दिलं.

आता नियमाचं सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात आमची टाकी दिवसाआड भरे. तेव्हा सोसायटीने ठराव केला की टाकीच्या लायनीला कुणीही पंप किंवा यंत्र जोडायचं नाही, पाणी बादलीनेच घ्यायचं. मी सेक्रेटरी होतो. ठरावाचा मसुदा माझा, जिन्याखाली लावलेल्या पाटीवरचं अक्षरही माझं. दुष्काळ संपला, पाटी राहिली. कुणी बागेला रबरी नळी लावली तरी मी जाऊन बोलायचो. 'वैद्यसाहेब नियमाला पक्के' असं लोक म्हणत, आणि ते मला आवडायचं.

कंपनीने मला सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं. येताना मी कपडे धुण्याचं ऑटोमॅटिक मशीन आणलं. हौस म्हणून नव्हे. सुधाला संधिवात होता. माझे तेलकट डांगरीचे कपडे घासून तिची बोटं सकाळी मिटत नसत. जर्मनीत ज्यांच्याकडे राहिलो त्या बाईंचं मशीन बघितलं आणि तेव्हाच ठरवलं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ते बोटीने आलं. खोक्यावर मी 'पुस्तकं' लिहून घेतलं होतं. मोरीत बसवलं, नळाला जोडलं, आणि वरून जुनी चादर घातली. दुपारी, बहुतेक जण कामावर असताना, सुधा ते लावायची.

त्याच आठवड्यात इमारतीत आवाज सुरू झाला.

धाड्. भिंतीच्या आत कुणी घण मारावा तसा. मग पाइपांतून वर जाणारी थरथर, आणि काही मिनिटांनी पुन्हा धाड्. आमच्याकडे मशीनच्या घरघरीत तो बुडून जायचा. सगळ्यात जोरात ऐकू यायचा तिसऱ्या मजल्यावर आणि गच्चीत. त्यामुळे तळमजल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पहिले दोन आठवडे मलाही खरोखर कळलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माझी सुट्टी होती. मशीनच्या पोटात 'टक्' झालं, त्यासरशी पाइप हादरला, आणि मला कळलं. त्यानंतरचं सगळं मी जाणूनबुजून केलं.

लोक वैतागले. सावंत वरून ओरडायचे, "किसन, अरे काय जोडून ठेवलंयस? भिंत फोडून बाहेर येईल एक दिवस!" सावंत मालवणकडचे, जिभेचे तिखट. भालेरावांनी कारखान्यातून आठवड्याची रजा काढली. प्रत्येक मजल्यावरचे क्लॅम्प सोडून पुन्हा आवळले. गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून साफ केला. दुपारभर उन्हात टाकीखाली पाइपाला कान लावून बसायचे. लोकांना करमणूक झाली. सावंत जिन्यात गाठून म्हणाले, "काय डॉक्टर, पेशंट वाचतो का?"

भालेराव म्हणाले, "पेशंट धडधाकट हाय, सावंतसाहेब. आजार कुणाच्या तरी घरी हाय."

मी मागेच उभा होतो. मी जिना चढून वर गेलो. माझं घर तळमजल्यावर होतं, वर मला काहीच काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. सुधाने दार उघडलं. आत न येता उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "वैनी, साहेब हायत का?" मी बाहेर आलो. त्यांनी आवाज खाली केला.

"साहेब, तुमच्याकडं काहीतरी यकदम बंद व्हतंय."

"म्हणजे कसं?"

"माणूस नळ बंद करतो तवा पानी हळूहळू थांबतं. मूठ फिरायला टायम लागतो ना. हितं झटक्यात थांबतंय. हे माणसाच्या हाताचं काम न्हाई."

मी म्हणालो, "तुला खात्री आहे?" सुधा माझ्याकडे बघत होती. मग तीच म्हणाली, "या भालेराव, आत या," आणि मोरीतल्या मशीनवरची चादर काढली. तिने त्यांना 'भालेराव' म्हटलं, हे मला त्या क्षणीही जाणवलं.

मला वाटलं होतं ते चिडतील. आठवडाभराची रजा गेली होती, सगळी इमारत हसली होती. पण ते मशीनपुढे उकिडवे बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. काचेच्या दारावरून हात फिरवला. "समदं आपल्या आपनच करतं?" त्यांनी सुधाला विचारलं. ती म्हणाली, "पाणीसुद्धा स्वतःच घेतं." "लावा बरं वैनी." तिने बटण दाबलं. पाणी आत जायला लागलं, ते पाइपाला कान लावून थांबले. टक्. धाड्. भालेराव मोठ्याने हसले. ताराबाई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आतमधी इलेक्ट्रिकचा व्हॉल्व्ह हाय," ते म्हणाले. "डोळं मिटल्यावानी बंद व्हतो. आता बगा, भरलेली हातगाडी उतारावरनं पळत आलीया, आन् तुमी म्होरं भित बांधली. गाडी काय करंल? तसं हे गच्चीपासनं खाली आलेलं पानी हाय. त्याला थांबाया जागा न्हाई, म्हून डोकं आपटतं." यावर उपायही त्यांनी सांगितला, आणि तो बसवून देतो म्हणाले. नळाच्या आधी दीड फुटाचा उभा पाइप, वरून टोपी लावून बंद केलेला. त्यात हवा कोंडून राहते. पाण्याचा धक्का हवेवर जातो. "हवा दबती, पानी निवतं. कारखान्यात प्रेसच्या लायनीला मी आसंच केलंय."

मी म्हणालो, "किसन, हे मशीन..."

"मी कुनाला सांगनार न्हाई साहेब. वैनींचा हात मी बघितलाय." मग उठता उठता म्हणाले, "येवढंच करा. रविवारी मिटिंग हाय. तितं तुमी सांगा की फिटिंगमधी खोट न्हाई. तुमी इंजिनेर, तुमचं ऐकत्यात. बाकी काय बोलू नका."

मी म्हणालो, "सांगतो." सुधाच्या समोर म्हणालो.

शनिवारी सुधा म्हणाली, "तुम्ही सरळ सांगूनच टाका. मशीन जोडलंय, चुकलं. मी पुन्हा हाताने धुवेन."

"सेक्रेटरीनेच नियम मोडला म्हणतील."

"म्हणू देत. मोडलाच आहे."

मी तिला सांगितलं की काहीतरी मार्ग काढतो. मार्ग काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं.

सभा गच्चीवर भरली, रविवारी सकाळी. चेअरमन मोरेअण्णा खुर्चीवर, मी शेजारी वही घेऊन, बाकी सतरंजीवर. भालेराव टाकीच्या सावलीत उभे. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. सावंतांनी सुरुवात केली. फिटिंगच मुळात कच्चं आहे, दहा वर्षांतच ही गत, एखादा शिकलेला कंत्राटदार नेमायला हवा. मग म्हणाले, "अशा लोकांच्या हाती कामं दिली की असंच व्हायचं." 'अशा' म्हणजे कशा, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. टाकीच्या सावलीतही कळलं होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी स्वतः बघितलंय. माझ्या मते फिटिंगमध्ये दोष दिसत नाही."

"मग आवाज कसला येतो, वैद्यसाहेब?" सावंत म्हणाले.

एवढाच प्रश्न. आदल्या दिवशीच मला तो सुचायला हवा होता. फिटिंग चांगलं असेल तर आवाजाला दुसरं कारण हवं, आणि ते कारण माझ्या मोरीत चादरीखाली होतं. पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. भालेराव मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होते, मला अवघड होऊ नये म्हणून असेल.

मी म्हणालो, "ते निश्चित सांगता येत नाही." आणि खाली बसलो.

मोरेअण्णा म्हणाले, "किसन, तुला काही बोलायचंय का?"

"मी जोडलेल्या पाइपात खोट न्हाई," भालेराव म्हणाले. "येवढंच."

"मग खोट कुठाय?"

त्यांनी मला शब्द दिला होता. ते म्हणाले, "ते मला सांगता यायचं न्हाई."

"बघा!" सावंत म्हणाले. "ऐकता येतं, सांगता येत नाही!" लोक हसले. ठराव झाला. पाण्याचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं, आणि श्री. किसन भालेराव यांनी पंपाची खोली महिन्याच्या आत रिकामी करावी. निमकरआजींच्या मुलाचाही हात वर झाला. ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, तो ठराव अजून स्वच्छ वाचता येतो.

सोमवारी दुपारी भालेराव पिशवी घेऊन दारात उभे. दीड फुटाचा पाइप, टोपी, टी-आकाराचा जोड, सफेद्याचा डबा. मी म्हणालो, "आता कशाला?"

"बोललो व्हतो ना बसवून देतो म्हून. वर आजी दचकत्यात. तान्ही पोरं हायत."

"पण किसन..." मला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. आवाज आत्ता थांबला तर लोक म्हणतील, खोट किसनचीच होती. "तू जाईपर्यंत थांब. नंतर मी दुसऱ्या कुणाकडून..."

"दुसऱ्याला मशीन दिसंल," ते म्हणाले आणि पाना काढून कामाला लागले. त्यांनाही ते दिसलं होतं. माझ्या आधी दिसलं होतं.

अर्ध्या तासात काम झालं. मशीन लावलं, टक् झालं, आणि पुढे काहीच झालं नाही. त्यांनी एकदा कान लावून खात्री केली. सुधाने चहा आणला, घरातल्या चांगल्या कपात. त्यांनी तो उभ्यानेच घेतला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला आणि "येतो वैनी" म्हणाले. सुधा आत जाऊन रडली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, आणि पुढे बोलायला लागली तरी या विषयावर कधीच नाही.

भालेराव आठवडाभरातच गेले. एक हातगाडी पुरली. आवाज बंदच होता. नवा कंत्राटदार येऊन उगाच दोन व्हॉल्व्ह बदलून गेला. सावंत जिन्यात म्हणाले, "बघितलंत वैद्यसाहेब? किसन गेला आणि आवाज गेला." मी मान हलवली. ते होकारार्थी होतं की काय, ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

पुढल्या वर्षी त्या कंत्राटदाराने सगळे पाइपच खराब आहेत असं सांगितलं. सोसायटीने ते उखडून नवे घातले. जुन्यांचा ढीग फाटकाशी आठ दिवस पडून होता. त्या ठरावावरही सेक्रेटरी म्हणून माझीच सही आहे.

कारखान्यात भालेराव मला दिसत. कुरुळीहून सायकलवर येत, पाऊस असला की कुणाच्या तरी ट्रकमधून. समोर आले की थांबायचे आणि विचारायचे, "वैनींचा हात कसा हाय?" बाकी काही नाही. मी रोज ठरवायचो की आज बोलायचं. मग त्यांची पाळी बदलायची, किंवा माझ्याबरोबर कुणी असायचं. दोन-तीन वर्षांत ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. त्या दिवशी मी रजा काढली होती.

त्यानंतर एकदा मात्र मी कुरुळीला गेलो. ब्याऐंशी असावं. भावाच्या घरामागे एक खोली होती, पत्र्याची. भालेराव दारात बसले होते. जवळपास ना नळ, ना पाइप. पाणी विहिरीवरून यायचं. मला बघून गडबडीने उठले, घोंगडी झटकून टाकली. म्हणाले, "साहेब, लांब आलात." दिवसभरात कुणाशी बोलणं होत नाही, भाऊ रानात असतो, असं हसत सांगितलं. मग आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

तो एक जोड होता. आमच्या इमारतीतला. फाटकाशी ढीग पडला होता तेव्हा ते एका सुट्टीच्या दिवशी सायकलवरून चिंचवडला आले होते आणि त्यातला एक जोड मागून घेऊन गेले होते. करवतीने उभा चिरला होता. आतले आटे चकचकीत, सफेदा जागच्या जागी. गंजाचा ठिपका नाही.

"बारा वर्सं पान्यात व्हता," ते म्हणाले. "बगा तुमीच."

मी बघितला. म्हणालो, "उत्तम आहे."

"व्हय ना?" त्यांनी तो परत हातात घेतला, अंगठ्याने आटे चाचपले. "मला वाटलं व्हतं सावंतसायबांना दाखवावा. मंग वाटलं, कशाला. कापून ठिवला खरा, पर दाखवायला हितं कोन हाय?"

मी म्हणालो, पुढच्या सभेत मी सगळं सांगतो. मशीनसकट.

त्यांनी मला कधीच बोल लावला नव्हता. त्या दिवशी एकदाच लावला, तोही हळू आवाजात. "तवा सांगाया पायजे व्हतं, साहेब. तवा मी तितं हुभा व्हतो."

पुढच्या सभेत मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आधी सावंत होते म्हणून, मग मुलाचं लग्न ठरत होतं म्हणून, मग इतकी वर्षं झाली आता कशाला म्हणून. भालेराव गेल्याचं मला तीन महिन्यांनी, कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. सावंत गेले, मोरेअण्णा गेले, निमकरांचा मुलगा ब्लॉक विकून ताथवड्याला गेला. सुधाही गेली. ती असताना हे मी बोललो असतो तर निदान तिला बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात मी सभेत उभा राहिलो. इमारत पाडून नवी बांधायचा विषय होता. मी म्हणालो, त्याआधी मला एक सांगायचंय. आणि सगळं सांगितलं, मशीन, ठराव, आवाज, खोली. मला वाटत होतं की कुणी तरी रागावेल. कुणीच रागावलं नाही. सगळी तिशी-चाळिशीतली माणसं, शांतपणे ऐकून घेतलं. एकीने मला पाणी आणून दिलं. एक जण प्रेमाने म्हणाला, "काका, बसा ना तुम्ही. पण हे किसन कोण?" पंपाची खोलीसुद्धा कुणाला माहीत नव्हती. तिथे आता दुचाक्या लागतात.

मी नव्या सेक्रेटरीला विनंती केली की हे इतिवृत्तात नोंदवा. मुलगा चांगला आहे, त्याने नोंदवलं. दुसऱ्या दिवशी मला मोबाईलवर पाठवलंही. त्यात लिहिलं होतं, 'ज्येष्ठ सभासद श्री. वैद्य यांनी सोसायटीच्या जुन्या आठवणी सांगितल्या.'

म्हणून हे इथे लिहिलं. आवाज माझ्या घरातून येत होता. भालेरावांना ते माहीत होतं, आणि मला माहीत होतं.